कानाने लावलेली डोलकाठी

होड्यांच्या शेडमध्ये त्यांना सगळे कानसेन म्हणत. छोट्या शिडाच्या होडीवर डोलकाठी उभी करायची आणि तिला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारा लावायच्या, हे त्यांचं एकतीस वर्षांचं काम. बाकीचे लोक ताण मोजायचं यंत्र वापरत. कानसेनांना त्या यंत्राचा राग होता. होडीच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून ते उभे राहायचे, डावी तार बोटाने छेडून तिला डावा कान लावायचे, मग उजव्या तारेला उजवा. दोन्हींचा आवाज एक झाला की खालचे स्क्रू पक्के करून हात पुसायचे. त्यानंतर त्या होडीला मोजायची टेप लावणं म्हणजे कानसेनांना तोंडावर खोटं पाडणं. तशी कुणाची टाप नव्हती.

त्यांची सून शर्यतीत उतरायची. हात चांगला होता तिचा. पण गेले दोन महिने काहीतरी बिनसलं होतं. वारा डावीकडून आला की होडी सुसाट, उजवीकडून आला की रडतखडत. कानसेनांचं निदान ठरलेलं. "त्या बाजूला तू चुकीची बसतेस. अंग बाहेर टाकायला घाबरतेस." सून मुकाट्याने ऐकून घ्यायची. एकदा तरी उलट बोलायला हवं होतं तिने, पण सासऱ्याशी वाद घालायचा तर संध्याकाळी जेवायला तेच तोंड समोर.

निवडीच्या शर्यतीच्या आदल्या सकाळी फरशी धुवायला म्हणून कुणीतरी होडी भिंतीशी सरकवून ठेवली होती. नेहमीच्या जागी उभं राहायला वाव नव्हता. कानसेन डोलकाठीच्या पुढे जाऊन, मागच्या टोकाकडे तोंड करून उभे राहिले. त्यामुळे उजवी तार डाव्या कानाशी आली. त्यांनी ती छेडली आणि थबकले. तार किंचाळत होती. मान वळवून त्यांनी तीच तार उजव्या कानाने ऐकली, तर ढिली. पुन्हा डाव्याने, ताठ. तिसऱ्यांदा करून बघायची गरज नव्हती, तरी त्यांनी केलं.

म्हणजे दोन महिने ते उजवी तार उगाच आवळत होते आणि डोलकाठी कलत होती. फोन डाव्या कानाला धरायची सवय कधी लागली, ते त्यांना आठवेना. बायकोच्या लक्षात यायला हवं होतं, पण तिच्या मते या माणसाला लग्नापासूनच काही ऐकू येत नव्हतं.

स्क्रूचे चार आटे सैल केले की झालं. उद्या होडी सरळ धावली असती, कुणाला पत्ताही लागला नसता. त्यांनी पाना स्क्रूला लावलासुद्धा.

तेवढ्यात सून आली. तिच्या बोटांना खडू लागला होता.

"बाबा, राहू द्या. शर्यतीच्या फळ्यावरचं माझं नाव पुसून आले. उद्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवतील. मला नाही जमत. तुम्ही म्हणता ते खरंय."

कानसेनांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. कान गेला, तर या शेडमध्ये त्यांना विचारणार कोण?

"टेप आण," ते म्हणाले. "मोज."

"तुम्ही लावलेलं मी मोजू?"

"मोज म्हणतोय ना!"

शिडाच्या दोरीला बांधून तिने टेप डोलकाठीच्या टोकापर्यंत चढवली. खाली डाव्या काठाला धरली, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. दीड इंचाचा फरक. शेडमधली दोघं-तिघं हातातलं काम टाकून बघत राहिली.

"दोन महिने, बाबा!" तिचा आवाज चढला. "दोन महिने मी घरी खुर्चीच्या कडेवर बसून बाहेर झुकायला शिकतेय. पाठ मोडून घेतली मी."

"माझा उजवा कान गेलाय," कानसेन शेडभर ऐकू जाईल असं म्हणाले. "चूक माझी, आणि बोलणी तू खाल्लीस."

पाना घेऊन, टेपवर नजर ठेवून तिने उजवा स्क्रू सैल केला. दोन्ही मापं जुळली. कानसेनांनी तार छेडून पाहिली नाही. ते ऑफिसबाहेरच्या फळ्यापाशी गेले. सुनेचं नाव त्यांनी होतं तिथे पुन्हा लिहिलं, आणि 'डोलकाठी लावणार' या रकान्यातलं स्वतःचं नाव पुसून तिथेही तिचंच लिहिलं.