पँटोफल आणि जावेची वेणी

माझी नात कॉलेजात इंग्रजी शिकते. एक दिवस घरी आली आणि म्हणाली, "आज्जी, इंग्रजीत पूर्वी चपलेला पँटोफल म्हणायचे. इटलीकडनं आलेला शब्द. फ्रान्समध्येपण तसाच होता. इंग्रजीत आता कुणी वापरत न्हाई." मागून टाच उघडी, घरात घालायची चप्पल, असा त्याचा अर्थ. घरात चपला घालून फिरणारी माणसं! मी चौथीपर्यंत शिकलेली, मला काय कळणार. पण पुढचं कळलं. तिला त्या शब्दावर वर्गात बोलायचं होतं आणि दाखवायला आपल्या घरची एक जोडी हवी होती.

आमचा धंदा चपला बनवायचा. चामडं कापायचं, तळ शिवायचं काम पुरुषांचं. पट्ट्यावर बसवायची चामड्याची वेणी बायका घालतात. मी आणि माझी धाकटी जाऊ, आयुष्यभर एकाच अंगणात समोरासमोर बसून वेण्या घालतोय. तिची बारीक, माझी जाड. गिऱ्हाईक तिचीच उचलतं.

नात बोलली माझ्याशी आणि वळली जावेकडे. "धाकटी आज्जी, तुझी वेणी लावलेली जोडी दे की."

माझ्या अंगाची आग झाली. पोरीला न्हाऊ घातलं मी, शाळेत सोडलं मी. तिला आत बोलावून सांगितलं, "तिचं हात थरथर कापत्यात आता. उगं मागून लाजवू नगंस." साफ खोटं. जावेचे हात माझ्यापेक्षा स्थिर आहेत.

पोरीने माझी जोडी नेली. मी खूश.

दुसऱ्या दिवसापासून ती कॉलेजातून आली की थेट जावेच्या पायरीवर. तिचे हात दाबायची, चामड्याच्या वाद्या भिजवून द्यायची, वेणी शिकायची. "धाकट्या आज्जीचे हात चालतात तोवर शिकून घेते," असं आईला म्हणाली. माझ्याजवळ आजवर कुणी शिकायला बसलं नव्हतं.

आठवड्याने जाऊ अंगणातून ओरडली, "आक्का, माझं हात कापत्यात म्हणून कोण बोंबललं गं? ही पोरगी मला कपबशीसुदिक उचलू देईना!"

"मीच," मी म्हणाले.

"व्हय? बरं केलंस की. घरबसल्या पोरगी मिळाली मला."

नातीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग वेणीचा पुढचा पेड ओढला. तिथून उठली मात्र नाही.