पावणेतीनच्या बांगड्या

आहार ठरवून देणाऱ्या बाईंनी मला एक भलतंच काम लावलं होतं. रोज पाच मिनिटं डोळे मिटायचे आणि बारीक झाल्यावर आपण कशा दिसू, ते बघायचं. कप्पाळ! डोळे मिटले की मला माझी सडपातळ धाकटी बहीणच दिसायची, तीही माझी साडी नेसून. सहा महिने भाताला शिवले नाही, पण बारीक झालेली मी काही दिसेना.

मग भाचीच्या लग्नासाठी जरीपटका भागातल्या बाजारात बांगड्या भरायला बसले. "पावणेतीनच्या द्या," मी सवयीनं म्हटलं. म्हाताऱ्या बांगडीवालीनं शेजारणीशी बोलता बोलताच माझा हात दाबून पाहिला आणि त्याहून लहान, अडीचच्या काढल्या. आता सोलून निघणार, म्हणून मी अंगठा आत दुमडला, दात आवळले, डोळे घट्ट मिटले आणि नेहमीच्या कळेची वाट बघत राहिले.

"काहून डोळे मिटून राहिल्या, ताई?" ती म्हणाली. "दुसरा हात द्या नं."

मी डोळे उघडले. डझनभर बांगड्या मनगटावर सैल किणकिणत होत्या. सहा महिने मला जी दिसली नव्हती, ती हिला नुसता हात दाबून कळली होती.