दोन भावंडांची कातडी

केस कापायचं दुकान चालवणाऱ्या त्या बाईला सगळी गल्ली ‘चौकशीताई’ म्हणायची, आणि हे नाव तिने स्वतःच्या जिभेने कमावलं होतं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, मानेभोवती कापड गुंडाळलं, की हिची सुरुवात. टाळूवरचा भोवरा एकाचा डावीकडे आणि दुसऱ्याचा उजवीकडे का फिरतो? सख्ख्या बहिणी, मग एकीचेच केस का पिकले? उत्तर मिळालं नाही, तर पुढच्या गिऱ्हाइकाला तोच प्रश्न.

स्वतःबद्दलचा प्रश्न मात्र ती फारसा कुणाला विचारत नसे. ऐन विशीत तिच्या बोटांच्या टोकांवर पांढरे डाग उठले, मग ते मनगटांपर्यंत चढले, ओठांच्या कडेला आले. कोड एकाचं दुसऱ्याला लागत नाही हे सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं. एकदा अर्धे केस कापून झाल्यावर एका नव्या माणसाची नजर तिच्या बोटांवर गेली आणि त्याने तशाच अर्धवट डोक्याने काढता पाय घेतला. “माझी जाहिरात करत फिरला असेल दिवसभर,” असं ती हसून सांगायची. त्या दिवशी मात्र तिने दुकान लवकर बंद केलं होतं.

तिचा धाकटा भाऊ छपरं घालायचा. पत्रे, कौलं, काय असेल ते. भर उन्हात, बिनटोपीचा. “टोपी घाल” म्हटलं की म्हणायचा, “गेंड्याची कातडी आहे माझी.” आणि खरंच, त्याच्या अंगावर डागाचा मागमूस नव्हता.

एके दिवशी त्याचे केस कापताना तिने त्याचा कान वाकवला आणि कात्री थांबली. कानामागचा तो तीळ ती त्याच्या लहानपणापासून ओळखत होती. इवलासा, गोल. आता तो पसरला होता, कडा वेड्यावाकड्या झाल्या होत्या, एका बाजूला तपकिरी आणि दुसऱ्या बाजूला काळाभोर.

“हा कधी वाढला रे?”

“अगं ताई, मला काय मागे डोळे आहेत?”

“उद्या डॉक्टरकडे चल.”

“उद्या गोदामाचं छप्पर आहे.”

तिने कात्री खाली ठेवली. “मग जा असाच. एक बाजू कापलीये, दुसरी डॉक्टरकडून आल्यावर.”

तो डॉक्टरकडे गेला. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तुकडा तपासायला पाठवला आणि निकाल आला कॅन्सरचा. गेंड्याच्या कातडीची पाचावर धारण बसली. पण तीळ वरवरच होता, खोल उतरला नव्हता. भोवतालच्या कातडीसकट तो काढून टाकला आणि आता ठरावीक काळाने तपासणीला यायचं, एवढ्यावर निभावलं.

टाके काढायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंचं लक्ष ताईच्या हातांकडे गेलं. “तुम्ही सख्खी भावंडं?”

एवढं निमित्त ताईला पुरे होतं. “सख्खी! आई तीच, बाप तोच, एकाच अंगणात वाढलो. मग मला हे आणि त्याला ते, असं का?”

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. शरीरात पहारेकरी पेशी असतात, त्या म्हणाल्या. आपली प्रत्येक पेशी आत काय चाललंय त्याचे नमुने बाहेर मांडते आणि पहारेकरी ते बघून ठरवतात, ही आपली की बिघडलेली. कुठले नमुने मांडले जातील, हे काही जनुकं ठरवतात. त्यांचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. आई-वडील दोघांकडेही दोन-दोन संच असतात, त्यातला कुठला कुठल्या मुलाच्या वाट्याला येईल याचा नेम नाही.

“म्हणजे आमच्या वाट्याला वेगळे आले?”

“तशी शक्यता आहे. कोड असलेल्यांचे पहारेकरी रंग बनवणाऱ्या पेशींवर उगीचच तुटून पडतात. हा कॅन्सरही त्याच पेशींतून होतो. म्हणून कोड असणाऱ्यांना तो कमी होतो, असं काही अभ्यासांत दिसलंय.”

भाऊ फिस्सकन हसला. “म्हणजे ताईचे पहारेकरी ताईसारखेच, नको तिथे नाक खुपसणारे!”

“आणि तुझे तुझ्यासारखे. छपरावर घोरत पडलेले.”

“थांबा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “अशी पुष्कळ जनुकं थोडाथोडा हातभार लावतात. तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ऊन तर मोठंच कारण आहे. आणि ताई, कमी धोका म्हणजे धोकाच नाही असं नव्हे. पांढरी कातडी लवकर भाजते, तुम्हीही जपा.”

ताईने आपली बोटं उजेडात धरून बघितली. इतकी वर्षं ती त्यांच्याकडे रुसल्यासारखी बघायची. राग पुरता गेला असं नव्हे, पण आता त्या डागांखाली काय चाललं असेल, हे तिला बघावंसं वाटायला लागलं. डॉक्टरीणबाई स्वतःही या जनुकांचा अभ्यास करत होत्या; त्यासाठी तिने आपलं रक्त दिलं, भावालाही द्यायला लावलं.

भाऊ आता टोपी घालतो, कुरकुर करत का होईना. ताई प्रत्येक गिऱ्हाइकाचा कान वाकवून बघते. त्यातल्या दोघांना तिने डॉक्टरकडे पिटाळलं. दोघांचंही काही निघालं नाही, आणि एक जण तर अजून फुगून बसलाय.

परवाच्या तपासणीत भावाचं सगळं ठीक निघालं. तो बाहेर येऊन बाकावर बसला, पेपर वाचून संपवला, पुन्हा पहिल्या पानावर आला, तरी ताईचा पत्ता नाही. शेवटी त्याने दार किलकिलं केलं. ती टेबलावर कोपरं टेकून बसली होती.

“आईला दोन्हीतलं काहीच झालं नाही, ते कसं?” ती विचारत होती.

“तेच तर आम्ही शोधतोय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“अगं ताई,” भाऊ दारातून म्हणाला, “तपासणी माझी होती ना?”

“तुझी झाली,” मागे न बघता ती म्हणाली. “बस जरा बाहेर.”