उदयसिंगच्या ट्रकची पुढची चाकं

रूपला मिस्त्री भांडखोर होता आणि त्याला त्याची लाजही नव्हती. मानोऱ्याच्या रस्त्यावर त्याचं दुकान. गाड्यांची पुढची चाकं सरळ करणं हा धंदा. हात चोख, जीभ विखारी. दुसऱ्या मिस्त्रीचं काम दिसलं, की आधी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार, मग पाना. हातातली विद्या त्यानं कुणाला दिली नाही. विचारलं तर म्हणे, "मले कोनं शिकवली होती?"

त्या दिवशी दुकानासमोर उदयसिंग मुकादमाचा ट्रक थांबला आणि रूपलाचं डोकंच फिरलं. लष्कराच्या लिलावातून घेतलेलं ते जुनं धूड ऊसतोडीच्या टोळ्या नेत असे. मार्चमध्ये टोळी परत आणताना ते रस्ता सोडून नाल्यात उतरलं आणि रूपलाच्या लेकीचं, निताचं, कोपर मोडलं. तिचा डावा हात अजून सरळ होत नाही. तेव्हापासून रूपला उदयसिंगचं तोंड पाहत नव्हता. पण उद्या टोळी निघणार होती, निता आणि जावई याच ट्रकमध्ये बसणार होते, आणि तीन दुकानं पालथी घालूनही गाडी धड चालत नव्हती. लेकीसाठी त्यानं पाना उचलला.

"कोनीकडे ओढते?"

"कोनीकडेच नाई. दारू पिल्यावानी भटकते," उदयसिंग म्हणाला. "तिघांनीही चाकं मोजली, बराबर हायेत म्हनतात."

"मंग त्याह्यच्याकडेच जा ना. माह्याकडे कायले आला?"

असं म्हणतच त्यानं टायरवर खडूच्या रेघा ओढल्या, पुढून आणि मागून अंतर मोजलं. माप बरोबर निघालं, याचा त्याला रागच आला. जॅक लावून चाक हलवलं, कुठं ढिलेपणा नव्हता. मग स्वतः ट्रक रस्त्यावर नेला, वळवला आणि स्टिअरिंग सोडून दिलं. ते वळलेलंच राहिलं. सरळ यायचं नावच घेईना.

परत आल्याबरोबर तो गाडीखाली शिरला. तेवढ्यात निता त्याचा जेवणाचा डबा घेऊन आली.

"या सपाट पट्ट्या स्प्रिंगच्या पाट्याखाली कोन्या गाढवानं टाकल्या?" खालून आवाज आला.

"म्याच टाकून घेतल्या," उदयसिंग म्हणाला. "मार्चात, वाटेत पाटा तुटला तवा. जुन्या एका अंगानं झिजेल होत्या."

रूपला बाहेर आला. "त्या झिजेल नव्हत्या. पाचर तशीच राह्यते, एकीकडून जाड, एकीकडून पातळ. तिच्यानं एक्सल जरा कलते, म्हून वळलेलं चाक आपोआप सरळ होते. तू पाचरी फेकल्या आन् माह्या पोरीचा हात मोडला."

उदयसिंग म्हणाला, "म्या तुले फोन केला होता, रूपला."

फोन आला होता. हंगामाआधी पाट्यांचं काम उदयसिंगनं दुसऱ्या दुकानात करून घेतलं, म्हणून रूपला तेव्हा फुगून बसला होता. पट्ट्या एका अंगानं झिजल्या, काय करू, असं उदयसिंगनं विचारलं होतं. 'झिजल्या तं फेक, सपाट टाक,' एवढं बोलून रूपलानं फोन ठेवला होता. त्या पाचरी आहेत, हे त्याला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं.

"कधी केला?" तो खोटंच बोलला.

"केला होता, बा," निता म्हणाली. "मी बाजूलेच उभी होती. स्पीकर चालू होता. म्या घरी कोनाले सांगतलं नाई, इतकंच."

रूपलाला लाज वाटली, आणि ती लपवायला शिवीही सुचेना. दुपारभर त्यानं पोलाद घासून दोन पाचरी केल्या. बसवताना जाड कड कोणत्या अंगाला येते, ते उदयसिंगला बोट धरून दाखवलं. ट्रक फिरवून आणला. सोडलेलं स्टिअरिंग गपगुमान सरळ आलं.

"निता, तू आता बिनधास्त बस," तो म्हणाला.

दुपारपासून त्याला न दिलेला डबा तिनं बाकड्यावर ठेवला. मग उजव्या हातानं दांडी धरून ती घरी जायला उदयसिंगच्या शेजारी चढली आणि बापाकडे न बघता म्हणाली, "चाला, काका."