सरूकाकींचा कट्टा

दत्ता गेल्याचा फोन त्याच्या मुलीने, सुनंदाने, रोह्याजवळच्या अष्टमीहून केला. "काका, बाबा गेले. सकाळी चहा घेतला आणि मान टाकली." मी कसंबसं काहीतरी बोललो, फोन ठेवला. आणि रडू यायच्या आधी मनात आलं, की आता मला खोटं ठरवणारं कुणी उरलं नाही... जन्माच्या शेजाऱ्याबद्दल पहिला विचार हा यावा, यातच आमच्या मैत्रीतली माझी बाजू आली.

पेणला आमच्या आळीत पहिली दोन घरं उभी राहिली ती आमची, स्वातंत्र्यानंतर लगेच. भिंतीला भिंत लागून. मिस्त्री एकच, कौलंही एकाच खेपेत आलेली. माझे वडील, नाना, कोर्टात नोकरीला होते. त्यांनी ओटीला सागाचे कोरीव खांब बसवले, दारावर रंगीत काचांची कमान केली. दत्ताचे वडील भाताच्या गिरणीत कामाला. त्यांचे खांब साधे, काचा नाहीतच. तरी आल्यागेल्याचे पाय थांबायचे ते त्यांच्या ओटीशी, कारण तिच्या कोपऱ्याला रस्त्याच्या अंगाला काळ्या दगडाचा कट्टा होता. ओटीवरून पाहिलं तर बसण्याइतका, रस्त्यावरून पाहिलं तर डोक्याच्या जरा खाली येणारा, आणि त्याला लागून एक बुटका. ओझं घेऊन आलेल्या बाईने जवळ जायचं, गुडघे किंचित वाकवायचे आणि डोक्यावरची टोपली पुढे सरकवायची. जाताना तशीच डोक्यावर ओढून घ्यायची. कुणाची मदत लागत नसे.

हा कट्टा का झाला, ते मी लहानपणी आमच्या कोरीव खांबाला टेकून डोळ्यांनी पाहिलं आहे. खाडीकडच्या बाया मीठ, मासळी घेऊन आळीत यायच्या. भरलेली टोपली एकटीला उतरवता येत नाही. आमच्या दारात "हात लाव गो बये" अशी हाक आली, की आई सोवळ्यात असे. नसली तरी नाना तिला पुढे होऊ देत नसत. बाई ओझ्याखाली ताटकळत राही. मग शेजारून दत्ताची आई, सरूकाकी, पिठाचे हात तसेच घेऊन धावत येई. पण ती तरी किती धावणार? एक दिवस तिने मिस्त्रीला बोलावलं आणि मिठाच्या टोपलीसकट एका बाईला भिंतीशी उभं करून तिचंच माप घ्यायला लावलं. "आनखी वर नको गो, मान मोडंल माजी," ती म्हणाली. मागची बुटकी म्हणाली, "आन मी काय उडी मारू?" सगळ्या हसल्या. म्हणून कट्ट्याला दोन उंच्या आहेत.

त्या दिवसापासून आळीतला सगळा बाजार, सगळं हसणं त्या ओटीवर गेलं. माझ्या आईला भाजी घ्यायला तिकडे जावं लागे. मी नानांना म्हणालो, आपणही बांधू या. ते म्हणाले, "खांबांची शोभा जाईल." दत्ता त्या कट्ट्यावर पाय सोडून बसायचा, बाया त्याच्या हातावर करवंदं ठेवायच्या, आणि मी इकडून बघायचो. पुढे तो रोह्याला कंपनीत लागला, शिफ्ट करून एसटीने दमून यायचा, तरी संध्याकाळी ओटीवर त्याच्याभोवती चार माणसं असायचीच. माझ्याकडे माणसं यायची ती खांब बघायला.

काही वर्षांपूर्वी जुनी घरं बघायला वास्तुकलेची मुलं आली. एका मुलीने विचारलं, "आजोबा, ही कल्पना कुणाची?" दत्ता कट्ट्यावरच बसला होता, पण उत्तर मी दिलं. "माझ्या वडिलांची. दोन्ही घरांवर देखरेख त्यांचीच होती." मुलगी लिहून घेऊ लागली. दत्ताने माझ्याकडे पाहिलं आणि तिला म्हणाला, "व्हय, नाना होते म्हणून घरं उभी राह्यली." मुलं गेल्यावर हसत एवढंच बोलला, "बाळ्या, तुझ्या बाबांनी टोपली उचलली कदी रे?" मला शरम वाटायला हवी होती. वाटला तो हेवा. आईचं श्रेय सोडून देऊन वर हसण्याएवढा ऐवज या माणसाकडे कुठून येतो?

मुलांनी नंतर कट्ट्याचा मोठा फोटो पाठवला, खाली नानांचं नाव. तो माझ्या बैठकीत लागला.

दत्ता म्हातारपणी सुनंदाकडे अष्टमीला राहायला गेला. मी एकदा पेणहून गाडीने रोह्याला उतरलो, पूल ओलांडून त्याच्याकडे गेलो. खरं बोलून मोकळं व्हायचं ठरवून गेलो होतो. त्यांच्या जिन्याच्या वळणावर एक उंच लाकडी घडवंची दिसली. "लिफ्ट नाय," दत्ता म्हणाला. "मासळीवाल्या वर येतात. उतरवतील कुठं?" खाली जाणाऱ्या बाईने त्याला हाक मारली, "भाऊ, बरा हायस ना?" दुसऱ्या गावात, दुसऱ्या मजल्यावर, त्याने पुन्हा तेच जमवलं होतं. ठरवलेलं मनातच ठेवलं. चहा पिऊन परत आलो.

म्हणून आता लिहितो. कट्टा नानांचा नाही. तो सरूकाकींचा आहे, आणि आमच्या दारात हात मिळत नसे म्हणून तो बांधावा लागला. फोटो मी उतरवला आहे.

दत्ताचं घर बंद आहे. परवा सकाळी एक मासळीवाली आली. माझ्या खांबांवरून पुढे गेली आणि थेट कट्ट्यापाशी थांबली. मी चपला न घालता खाली उतरलो, हात पुढे केले. तिने टोपली सरकवून कट्ट्यावर ठेवली, पदराने घाम पुसला.

"राहू द्या आजोबा," ती म्हणाली. "हितं हात लागत नाय."