उषाच्या कंपनीमागचं नाव

मी होती, माही लेक उषा होती, पोरगा गजानन होता, अन् कंपन्यायचे कागद करणारे सीए साहेब. जठारपेठेतल्या त्यायच्या हापिसात आमी चौघंच होतो. तिथं मी काय केलं, ते आजवर कोणाले सांगतलं नाही. तुमाले सांगून राहिली — काहून तुमाले? तुमी माहे कोणी लागत नाही, म्हणून तोंड उघडून राहिलं असन.

उषा विमान उडवते. हो, बार्शीटाकळीच्या भाजीवालीची पोरगी! तिचा बाप गेला तवा डोक्यावर वांग्याचा डाला अन् संगं दोन लेकरं, असे दिवस काढले मी. ती शिकली, उडाली, दुसऱ्यायले शिकवू लागली. मंग म्हणे, माय, अमरावतीले आता आपली सोताची शाळा काढू. विमानाची!

साहेबानं नीट समजावलं. शाळा नुसती उषाच्या नावानं काढली, अन् उद्या काही झालं, त तिचं घरदार त्यात जाईन. कंपनी केली, त कंपनीचं कंपनीपाशी, घराले हात नाही. एकटीचीबी कंपनी होते म्हणे. फक्त मागं एक नाव लागते — तिचं बरंवाईट झालं त कंपनी कोणाची, एवढ्यापुरतं. उषानं माहं नाव सांगतलं. साहेब मले म्हणे, "मावशी, तुमच्या वावराले याची काही झळ नाही."

मले लगेच समजलं. माहा जलम वाफ्यात गेला. बांध घातला की या वाफ्याचं पाणी त्या वाफ्यात जात नाही. कंपनी म्हणजे तो बांध. त्यात न समजाचं काय हाये?

पण गजानन बाजूले बसला होता. "ताई, तुहं इमान पडलं त आमी काय पंखे शिजवून खाऊ?" हासत म्हणे, डोळे मातर माह्याकडं. "मायचं नाव लावाचं असन त लाव. मंग मायले तुह्याचकडं ठेव."

"ठेवीन ना! मले का जड हाये माही माय?" उषा म्हणे. "माय, तू बोल."

अन् मी — मी पदर तोंडाले लावला. "मले अडाणीले काय समजते बाई? सही-गिही मले नाही जमत."

सही मले येते. वाकडी येते, पण येते. साहेबानं पुन्हा समजावलं, मी पुन्हा नाही म्हणून मान हालवली. कशाले भ्याली मी? पोराच्या रागाले? तेबी होतं. पण खरं सांगू — पोरगा असून म्हातारी लेकीच्या घरी खाते, असं लोक म्हणतीन, त्याले भ्याली. बस, एवढ्याले.

उषानं दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं नाही. मायचं नाही त कोणाचंच नाही म्हणे. कंपनी केलीच नाही, नुसत्या आपल्या नावानं शाळा काढली.

मंग एक विमान उतरता उतरता घसरलं. शिकणाऱ्या पोरीचा पाय मोडला. कोर्टकचेरी झाली. बांध त नव्हता — भरपाईत उषाचं घर गेलं.

ती रडली नाही. त्या पोरीपाशी दवाखान्यात बसे, तिचा अभ्यास घे. पाय बरा झाल्यावर तिलेच पयले बाजूले बसवून वर नेलं. आता भाड्याच्या खोलीत राहते, शाळा चालवते. मी लय भोगलं, लय कष्टाच्या बाया पाह्यल्या — पण अशी छाती? माही त नाहीच नाही.

सोयरेधायरे म्हणतात, मायनं नाव देलं असतं त घर वाचलं असतं. उषा त्यायच्या अंगावर जाते. "माह्या मायले बोलाचं काम नाही! तिले समजलंच नाही, तिचा काय गुन्हा?"

मी तिथंच असते. मी चहा पेते.

तिच्यापुढं माही जीभ उचलत नाही. म्हणून, हे आयकणाऱ्यानं अमरावतीकडं उषा भेटली त तिले सांगावं. माय माफी मागते असं सांगू नका. एवढंच सांगा — त्या दिवशी मायले सारं समजलं होतं.