भिजत घातलेले गहू

ज्या घरात पुढच्या महिन्याच्या पिठाची खात्री नाही, त्या घरातली बाई पायलीभर गहू कुरड्यांसाठी भिजत घालते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पाडव्याचा दिवस होता. दारात गुढी उभी होती, तिला लिंबाचा डहाळा आणि साखरेची गाठी बांधलेली होती, आणि आई मोरीशेजारी उकिडवी बसून गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, गहू ओतत होती. मी तेव्हा नववीत. तोंड माझं तेव्हाही असंच फटकळ होतं. म्हटलं, "आई, तुले वेड लागलं काय वं? येवढ्या गव्हाच्या पोळ्या केल्या तर पंधरा दिवस निघतीन."

आईनं वर पाहिलंसुद्धा नाही. "पोळी आज खाल्ली की आज सरली. कुरडी वर्सभर पुरते. चूप बस अन् पानी आन."

हिंगणघाटला आमची खोली मिलच्या खोल्यांच्या रांगेत होती. लाइन म्हणायचे तिला सगळे. बाबा मिलमध्ये लूमवर होते. मुंबईच्या गिरण्या संपावर गेल्या तेव्हा लाइनीतले शहाणे ओट्यावर बसून सांगत होते, पाहाच आता, आपल्या कापडाले कसा भाव येते तो. भाव कसला येतो डोंबलाचा! शिमग्याच्या आधी आमच्याच फाटकावर कागद लागला, पुढील सूचना मिळेपर्यंत मिल बंद. का बंद, किती दिवस बंद, काही लिहिलेलं नव्हतं. भोंगा वाजेनासा झाला. तोवर सगळी लाइन भोंग्यावर उठायची, भोंग्यावर जेवायची. शेजारची काकू भोंगा ऐकून भात उतरवायची. तिचा भात रोज करपायला लागला आणि ती रोज मिलला शिव्या द्यायला लागली. आधी आम्ही हसायचो. मग हसणंही बंद झालं.

पण आमच्या घरात भीती मिलची नव्हती, बाबांची होती. सरळच सांगते. बाबांच्या शेजारच्या लूमवर एक जण होता, आमच्यापासून चार दारं सोडून राहायचा. दोघांची पाळी एक, विडी एक, डबाही कधीकधी एकच. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी तो पहाटे वणा नदीवर गेला आणि परत आला नाही. चौघांनी त्याला नदीतून काढून आणला, त्या चौघांत बाबा होते. त्यानंतर बाबा बोलायचेच थांबले. दाढी वाढली. दिवसभर ओट्यावर मिलच्या चिमणीकडे तोंड करून बसायचे. काही विचारलं तर 'हो' म्हणायचे, ज्याचं उत्तर 'नाही' असायला हवं त्यालाही 'हो'. एकदा जेवता जेवता मधेच म्हणाले, "बरं झालं. सुटला थो."

आईचा वाढता हात तिथंच थांबला. बाबा मात्र शांतपणे वरण कालवत होते.

त्या दिवसापासून आम्ही मायलेकी डोळ्यांत तेल घालून त्यांच्यावर नजर ठेवायला लागलो. मी शाळेत असले की आई, आई बाजारात गेली की मी, आणि दोघी नसलो की काकू. बाबा उठून बाहेर निघाले की मी बादली घेऊन मागोमाग नळावर. दिवसातून किती वेळा पाणी भरावं माणसानं! नळावरच्या बायका म्हणायच्या, "काऊन वं, तुमच्या घरी लगन आहे काय?" आईनं मला बजावलं होतं, "त्याईले समजू नको देजो. आपल्यावर पहारा आहे हे कळलं तर मानूस आनखी खचते." मला राग यायचा. मिलचा राग, त्या मेलेल्या माणसाचा राग, आणि खरं सांगायचं तर बाबांचाही. आमच्याकडे पाहून त्यांना जगावंसं का वाटत नाही, असं वाटून मी मोरीत जाऊन रडायची.

तर असा तो पाडवा. लाइनीत मयत झालेली, अर्ध्या दारांत गुढ्याच नव्हत्या. कुणी म्हणालंही आईला, यंदा राहू दे. आईनं ऐकलं नाही. सकाळी तिनं सगळ्यांच्या हातावर लिंबाची कोवळी पानं ठेवली. मी तोंड वाकडं करत दोन चावली आणि गूळ मागितला. बाबांनी मूठभर खाल्ली, चणे खावेत तशी, आणि गूळ मागितलाच नाही. मी विचारलं, "बाबा, कडू नाई लागत?"

"नाई," ते म्हणाले.

आई माझ्याकडे पाहत होती. आम्ही दोघींनी एकमेकींवरची नजर काढून घेतली.

दुपारी वावटळ उठली. पाचोळा, कापसाचे पुंजके, सगळं गरगरत लाइनीतून गेलं आणि गुढीवरचा तांब्या खण्णकन खाली पडला. काकू छाती धरून धावत आली, "अवं माय वं! वर्साच्या पयल्याच दिशी!" आणखी दोघी-तिघी जमल्या. प्रत्येकीच्या मनात जे होतं ते तोंडावर दिसत होतं. आईनं तांब्या उचलला, पदरानं पुसला आणि परत चढवला. "वारा आला तं तांब्या पडनारच. आभाय तं नाई पडलं ना?" असं म्हणून ती आत आली.

आणि मग तिनं ते गहू काढले. कुरड्यांचं ज्यांनी केलं आहे त्यांना माहीत आहे, गहू एकदा पाण्यात पडले की माघार नाही. तीन दिवस भिजायचे, रोज सकाळी जुनं पाणी ओतून ताजं घालायचं. एक दिवस चुकला तरी आंबूस वास सुटतो आणि सगळं फेकावं लागतं. मग दळायचे, गाळायचे, रात्रभर चीक बसू द्यायचा आणि पहाटे शिजवायला घ्यायचा. आईनं गंजावर झाकण ठेवलं आणि ओट्यावर जाऊन बाबांना म्हणाली, "हे गहू तुमचे. रोज सकाऊन पानी तुमी बदलाचं. मले तिखट कुटाचं आहे, पोरीची परीक्षा आहे."

बाबा म्हणाले, "बायकाईचे कामं मले नाई जमत."

"लूमवर बारीक बारीक धागे जोडता, अन् गंजात पानी वतता येत नाई?"

मला आईचा असा संताप आला! माणूस काय अवस्थेत आहे आणि ही टोमणे मारते आहे. मी म्हटलंसुद्धा, "मी बदलतो ना आई." तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुस्तक घेऊन गुमान कोपऱ्यात बसले.

दुसऱ्या दिवशी बाबा उठले, दोन बादल्या घेऊन नळावर गेले, रांगेत बायकांच्या मागे उभे राहिले. एकीनं नंबर दिला, तर तोही घेतला नाही. पाणी आणून त्यांनी गहू हातानं चोळले, जुनं पाणी मोरीत सोडलं, ताजं घातलं. मग परत ओट्यावर. चेहऱ्यावर काही नाही. आई आतून चुलीआडून पाहत होती. ती म्हणाली, "आजचा दिवस झाला."

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळीच त्या गेलेल्या माणसाची बायको लाइन सोडून निघाली, समुद्रपूरकडे माहेरी. मागं राहून ती तरी काय करणार होती? बाबांनी न सांगता तिची पेटी खांद्यावर घेतली आणि एसटी स्टँडवर पोचवायला गेले. सोबत माणसं होती, म्हणून आम्ही निर्धास्त. पण बाकीचे परत आले आणि बाबा आले नाहीत. ऊन वर चढलं, माझी शाळेची वेळ टळली. आई दारातून आत आणि आतून दारात. शेवटी बाबा आले, नळावर गेले, मुकाट्यानं गव्हाचं पाणी बदललं. आईनं विचारलं, "उशीर झाला?" ते म्हणाले, "हो." आता हे 'हो' कुठलं, ते कुणाला कळणार!

मग एक दिवस दळण्यात गेला, आणि पहाटे अंगणात चूल पेटवून आईनं चिकाचं मोठं पातेलं चढवलं. चीक शिजताना हात थांबवून चालत नाही, लगेच गोळे होतात नाहीतर खाली लागतो. आई लाकडी दांडा दोन्ही हातांनी फिरवत होती, मी पाणी घालत होते. दरवर्षी या कामाला लाइनीतल्या पाच-सहा बायका असायच्या, गाणी, थट्टा, गरम चिकासाठी पोरांची भांडणं. यंदा खोल्यांना कुलपं. एकटी काकू यायची होती. आई बाबांना म्हणाली, "काकूच्या घरून सोऱ्या आना बरं." बाबा गेले.

ते येईनात. चीक पांढऱ्याचा पारदर्शक व्हायला लागला. तेवढ्यात काकू स्वतःच सोऱ्या घेऊन आली. आईनं विचारलं, "अन् हे?"

"मी तं पाह्यलंच नाई त्याईले."

आईनं दांडा सोडून दिला. पातेल्यातलं एक शीत वाया गेलं तर दिवसभर हळहळणारी माझी आई, भरलं पातेलं चुलीवर सोडून धावत सुटली. पायात चप्पल नाही, कोपरापर्यंत चीक. मी तिच्या मागे. सगळी लाइन ओलांडून, गोट्यांवरून, काट्यांवरून आम्ही वणेच्या काठावर आलो. पाणी कमी होतं, पण डोहाकडे काळं दिसत होतं. आई ओरडली, "अहो! अहो!" पलीकडे आंघोळ करणारे दोघे-चौघे पुरुष सगळेच वळून पाहायला लागले. अहो तर सगळेच असतात. आई क्षणभर गोंधळून उभी राहिली. आणि मग तिनं बाबांचं नाव घेतलं. लग्नानंतर उखाण्याशिवाय जे नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं, ते तिनं पूर्ण घेतलं, आडनावासकट, घसा फाटेपर्यंत, पुन्हा पुन्हा. मी तिचा पदर धरून ठेवला होता, कारण मला वाटलं आता हीच पाण्यात जाते.

पलीकडचा एक जण ओरडून म्हणाला, "इकडं कोनी नाई आलं बाई!"

परत आलो तेव्हा बाबा अंगणात चुलीपुढे बसून दांडा फिरवत होते. शेजारी लाकडाच्या ढलप्यांचा भारा. जळण कमी पडेल म्हणून ते आधी लाकडांच्या टालावर, वखारीत, गेले होते, एवढंच. आम्हाला पाहून खेकसले, "चिकाचे गोये झाले सारे! कुठी उलथल्या होत्या दोघी?"

आई धापा टाकत उभी. दारोदार विचारून तेवढ्यात परतलेली काकूच बोलून गेली, "तुमालेच धुंडाले गेलत्या ना भाऊ. वणेवर." बोलली आणि जीभ चावून घरी पळाली.

बाबांचा हात थांबला. आईच्या पायांतून रक्त येत होतं, ते त्यांनी पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांच्या बादल्या, नळाच्या खेपा, सगळं त्यांना एकदम कळलं असावं. मग ते परत दांडा फिरवायला लागले आणि पातेल्यात पाहतच म्हणाले, "आज नाई. परवा गेलतो."

आई खाली बसली.

"तिले येष्टीत बसवून देल्लं, अन् पाय तिकडंच वयले. कमरेइतक्या पान्यात गेलतो." चीक फदफदत होता. "मंग आठवलं, गव्हाचं पानी बदलाचं राह्यलं. आंबले असते सारे. तू बोंबलली असती."

मला वाटलं, आता आई हंबरडा फोडेल. तिनं फक्त तोंडात पदर कोंबला, मग तो काढून म्हणाली, "हलवा. खाली लागन."

कुरड्या जाड झाल्या, वेड्यावाकड्या, तळल्या की अर्ध्या फुलायच्या आणि अर्ध्या कच्च्या राहायच्या. मिलचं भिजत घोंगडं पुढे वर्षभर तसंच राहिलं, फाटक उघडायचं, पुन्हा बंद व्हायचं. बाबाही लगेच काही हसू-बोलू लागले नाहीत, आणि आमची भीतीही गेली नाही. पण त्याच संध्याकाळी, खाटेवर कुरड्या वाळत असताना, आईनं वड्यांसाठी मुगाची डाळ धुऊन पाण्यात टाकली आणि बाबांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सकाऊन तुमालेच वाटून द्याची आहे." वड्या झाल्या तर उडीद, उडीद झाले तर मटकी, काहीच नसलं तर मूठभर चणे. त्या अख्ख्या वर्षात आमच्या घरी एक रात्र अशी गेली नाही, की काही ना काही भिजत पडलेलं नव्हतं.